कारण सांगेल त्याला वाट

शेंदूर फासलेला एक दगड. पाच नंबरचा गमबूट. लग्नाच्या दीडशे खुर्च्या. चांदणी नावाची गाय, पहिल्या वेताची. आणि बोनेटवरचा एक पोचा, तळहाताएवढा.

यांची एकमेकांशी काय सोयरीक, असं विचारताय ना? लागते. मंडळी, या पाचांची सोयरीक एका पुलावर लागते. पण त्याआधी एक प्रश्न. माणूस देवळात आला की वाकतो. घराचं दार बुटकं असेल तर वाकतो. चप्पल घालायलासुद्धा वाकतो. मग हाच माणूस स्टिअरिंगच्या मागे बसला, की याची मान कुठे अडकते?

पेटीवाले हसतायत. हसा. काल तुम्हीच मला गाडीतून आणलंत, मी बघत होतो.

ऐका. हिंगणमळा आणि बोरपाणी ही दोन गावं, मध्ये ओढा, ओढ्यावर पूल. पूल इतका अरुंद, की एक गाडी गेली की दुसरीने काठावर थांबायचं. आणि दोन्ही एकदमच चढल्या तर? त्यासाठी जुन्या माणसांनी मधोमध कठड्यात एक दगड बसवला, त्याला शेंदूर लावला आणि नियम केला. दोघांनी दगडापाशी थांबायचं, खाली उतरायचं, आपापलं कारण सांगायचं. ज्याचं काम अडलेलं, तो पुढे. दुसरा मागे. आणि जो मागे जाईल त्याला पुढे जाणाऱ्याने हात जोडायचे. बघा हं, नमस्कार कुणाला? मागे जाणाऱ्याला. कारण सांगेल त्याला वाट, वाट देईल त्याला मान. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, तरी नियम टिकला.

हिंगणमळ्याचे भुजंगराव काळुगडे. भला माणूस. गावजेवणात शेवटच्या पंगतीला बसणारा. पण तीन महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली, पांढरीशुभ्र, आणि तेव्हापासून माणूस गाडीइतकाच उंच झाला. त्या दिवशी सकाळी त्यांची चांदणी अडली. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं येईना. बायको इंदुमती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

लावला. लागेना.

"पुन्हा लावा."

"फोनवर कोण येतंय? मी स्वतः गेलो की कशा येत नाहीत बघतो," म्हणाले आणि निघाले. इकडे इंदुमतीने पाच मिनिटांनी पुन्हा फोन लावला. लागला. बोरपाणीला नव्यानेच आलेल्या डॉक्टर शबनम मुजावर, भुजंगरावांनी त्यांना अजून पाहिलेलंही नव्हतं, तिथून निघाल्यासुद्धा.

भुजंगराव पूल चढले, आणि समोरून उत्तम पाखरे मांडववाल्याचा टेम्पो चढला. दीडशे खुर्च्या घेऊन. दोघे दगडापाशी समोरासमोर.

आता काय करायचं होतं? उतरायचं. म्हणायचं, "उत्तमराव, गाय अडलीय." संपलं. दोन शब्द. पण मंडळी, कारण सांगायचं म्हणजे समोरच्याकडे काहीतरी मागायचं. आणि मागायचं कुणाकडे? खुर्च्या वाहणाऱ्याकडे?

भुजंगरावांनी काच खाली केली. "घे मागं."

उत्तम म्हणाला, "का?"

"का म्हणजे? मी आलोय."

"मग मीबी आलोय की. काय बसून राहिलोय होय?"

"गाडी बघितलीस का समोरची?"

"बघितली. चाकं चारच हायत."

झालं. भुजंगरावांनी गाडी तिरपी करून पुढे दामटली. बोनेटचा कोपरा कठड्याला टेकवला. म्हणजे टेम्पोच काय, माणूससुद्धा बाजूने जाता कामा नये. उत्तमने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

तेवढ्यात मागे दोन्हीकडे गाड्या लागल्या. उसाची ट्रॉली आली. एसटी आली. हॉर्न सुरू झाले. एसटीतून गोदाक्का नावाची म्हातारी उतरली, चालत दगडापाशी आली.

"अरे, कारण सांगा की कुणीतरी."

भुजंगराव म्हणाले, "त्याला सांगू दे आधी."

उत्तम म्हणाला, "मोठ्या गाडीवाल्यांचा मान पहिला."

गोदाक्का म्हणाली, "दोघांची थोबाडं शिवलीत काय रे?"

इतक्यात भुजंगरावांचा फोन वाजला. इंदुमती. "अहो, डॉक्टर..." एवढं ती बोलली.

"थांब जरा. इथं एकाला धडा शिकवतोय." फोन ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. उचलला नाही.

मंडळी, तुम्हाला कळलं ना काय झालंय? तुम्हाला कळलं, मला कळलं, या मृदंगवाल्यालासुद्धा कळलं. ज्याच्या गोठ्यातली गाय, त्या एकट्याला कळलेलं नाही.

टेम्पोच्या मागून एक बाई अंग चोरत पुढे आली. पायात गमबूट, खांद्याला बॅग. स्कूटर मागे रांगेत सोडलेली. पुढे बघते तर गाडी आडवी. तिने कठडा धरला आणि बोनेटवर पाय ठेवला.

भुजंगराव ओरडले, "ओ बाई, पाय काढा. नवी गाडी आहे."

"मग मी जाऊ कुठून?"

"याला मागं घ्यायला सांगा, मग आरामात जा."

"दादा, मला वेळ नाही."

"वेळ इथं कुणाला आहे?"

गोदाक्का मध्ये पडली. "बाई, तुमचं कारण काय ते सांगा. इथं तसंच चालतं."

"हिंगणमळ्यात गाय अडलीय. वासराचं डोकं मागं वळलंय. काळुगडे म्हणून कुणी आहेत, त्यांच्या घरून फोन होता."

उत्तमच्या हातातली तंबाखू खाली पडली. तो म्हणाला, "भुजंगराव, तुमची चांदणी?"

भुजंगरावांनी गिअर मागे टाकला. पण मागे उसाची ट्रॉली, ट्रॉलीमागे आणखी सात गाड्या. माघार घ्यायची बुद्धी झाली तेव्हा माघार घ्यायला जागाच उरली नव्हती. ते खाली उतरले, बोनेटपाशी आले, हात पुढे केला. म्हणाले, "द्या पाय."

बाईंनी पाय दिला. पत्रा दबला. भुजंगरावांनी बॅग खांद्याला लावली आणि दोघे गाड्यांच्या रांगेतून पळत सुटले.

चांदणी वाचली. वासरू निघालं, पण श्वास नव्हता. कालवड होती. अंगभर तांबडी, कपाळावर आईसारखा पांढरा ठिपका.

भुजंगरावांनी विचारलं, "बाई, किती उशीर झाला?"

डॉक्टर हात धूत होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगू?"

"सांगा."

"अर्धा तास."

संध्याकाळी उत्तम गोठ्यात आला. म्हणाला, "मला काही घाई नव्हती. लग्न उद्या आहे. तुम्ही नुसतं कारण सांगाल, एवढीच वाट बघत होतो." भुजंगरावांनी त्याला हात जोडले. उत्तम म्हणाला, "मला नका जोडू. मी मागं गेलोच कुठं?"

बोनेटवरचा पोचा अजून आहे. दुरुस्त करू दिला नाही.

आता तुमच्याकडे वळतो. वाट अडवणाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण सांगा, घरात सुनेशी बोलताना, बांधावर भावाशी बोलताना, तुम्ही कारण सांगता, की समोरच्याने आधी सांगावं म्हणून बसून राहता? आत्ता या मंडपाबाहेर एक गाडी दुसरीच्या दाराला चिकटवून लावलेली आहे. नाव घेत नाही. मालक तिसऱ्या रांगेत आहे, त्याने मान खाली घातली आहे. वाकली म्हणायची! आरतीपर्यंत उचल, बाबा. आणि बाकीच्यांनो, रांग लागायच्या आत मागे घ्यायला शिका. एवढं केलंत तर माझे टाळ वाजले, नाहीतर नुसता आवाज झाला.

त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भुजंगरावांची गाडी दगडापाशी थांबली, तेव्हा तिच्या मागे एकही गाडी नव्हती.