तांदळाच्या डब्यातली कैची

पुष्पलता : हे काय केलं, भाऊजी? एका दिवसासाठी उमरेडले लग्नाले काय गेली मी, तुम्ही पूर्ण वाफ्याची हजामत करून टाकली!

रुपराव : साफसफाई केली, वहिनी. लिलीची फुलं संपली, नुसती पानं लोळून राहिली होती. उद्या प्रेमिलाले सुट्टी आहे दवाखान्यातून. वाफा नीट दिसला पायजे.

पुष्पलता : किती कापली?

रुपराव : सगळी. बावीस कंदांची. एका लेव्हलमध्ये आली, पाहा.

पुष्पलता : लेव्हल म्हणे! मागावरून साडी उतरली का सुटे धागे कापाचे, तशी कापली. माग सुटून वीस वर्षं झाली, हात काही सुधरला नाही.

रुपराव : काहून, बिघडलं काय?

पुष्पलता : अवो, फुलं गेली का कंद त्या पानांच्याच भरवशावर जगते. पावसाळाभर पोसते, तवा चैत्रात फूल देते. आता पुढच्या साली काही येत नाही.

रुपराव : एकबी?

पुष्पलता : आलं तं एखादं. त्याच्या पुढच्या साली येतीन ना सगळी. असं तोंड नका करू.

रुपराव : बरी झाली म्हणून नाही सोडून राहिले तिले, वहिनी. घरी न्या म्हणे. पुढच्या चैत्राचं मी विचारलं, तं डॉक्टर फाइलच पाहत राहिला.

पुष्पलता : …माय वं.

रुपराव : खत टाकू? काही औषध असन ना?

पुष्पलता : कापल्या पानाले कायचं औषध? पण कैची भेटली कुठं तुमाले? फुलं संपली का दरसाल हरवते ना ती?

रुपराव : तांदळाच्या डब्यात, बुडाशी. काल तुमचा जेवणाचा डबा नव्हता, मीच भात टाकाले गेलो. चुकून पडली असन.

पुष्पलता : दरसाल चुकून? जलमात कधी सैपाकघरात पाय नाही ठेवला तुम्ही. लपवाले प्रेमिलानं बरोबर जागा पाहिली होती. अन् मी नेमका कालच डबा चुकवला!

रुपराव : पलंग तिच्याच सांगण्यावरून खिडकीपाशी लावला मी. पडल्या पडल्या वाफा दिसन, म्हणे. चाला, एक हात लावा. आतल्या खोलीत नेऊ.

पुष्पलता : सागाचा पलंग? आपण दोघं म्हातारे? …फोन वाजून राहिला तुमचा. धंतोलीच्या दवाखान्यातूनच असन.

(रुपराव फोन स्पीकरवर टाकतो.)

प्रेमिला : अवो, काल जेवले का? पुष्पलता तं लग्नाले जाणार होती.

रुपराव : जेवलो ना.

प्रेमिला : काय जेवले?

रुपराव : भात टाकला मीच.

प्रेमिला : डब्यातला तांदूळ?

रुपराव : …हो.

प्रेमिला : मंग कैची सापडली असन.

रुपराव : मले माहीत नव्हतं वं, प्रेमिला…

प्रेमिला : राहू द्या. आता पलंग हलवत बसू नका. कंबर धरन तुमची.