मालकाचा रकाना

—नाही हो बाई, सरकू नका, मला पुरते ही जागा. बसलोय कसला, बसवलंय मला. ‘एवारिस्तोकाका, जरा थांबा, डॉक्टर बघतील’ — ही काउंटरवरची येसेनिया! हिचा जन्म मी नोंदवलाय, या हातानं, आणि ही मला थांबा म्हणते! एकेचाळीस वर्षं या कास्त्रो गावातल्या जन्म-मृत्यू कचेरीत मी लोकांना थांबा म्हणत आलो. आता ऐकून घेतोय. तुमचं जनावर आत आहे का? असं. मग तुम्हालाही वेळ आहे. हे वाचलंत, भिंतीवरचं? ‘रुग्णालयाच्या बातम्या’. दर सोमवारी नवा कागद. एक्स-रेचं नवं मशीन आलं — आनंद आहे. पेर्ला मांजरीचं वजन दोन किलोनं उतरलं — फोटोसकट! माझी बहीण वारली तेव्हा स्थानिक पेपरात तीन ओळी आल्या, आणि ही पेर्ला बघा, अर्धं पान. ‘हिवाळ्यात प्राण्यांची काळजी : फिरून आल्यावर पाय पुसा. कांदा देऊ नका.’ कांदा देऊ नका म्हणे! आठ वर्षं माझ्या हातची, कांद्याचं सारण भरलेली एम्पानादा खाऊन जो जगलाय, त्याला विचारा ना.

कोण म्हणजे? हा. खालच्या फोटोतला. क्रमांक एकशे चौदा. गळ्यात रिबीन बांधलीय गाढवांनी. आणि वर काय लिहिलंय? ‘निराधार’! बाई, या कुत्र्याला आधार किती होते ठाऊक आहे? आमच्या चढावरच्या गल्लीत अकरा घरं, अकराही घरांत त्याची वाटी. ओर्तेन्सियाबाई त्याला कानेलो म्हणते, मासेवाला ओयार्सो कॅप्टन म्हणतो, शाळेच्या पोरी आणखी काही म्हणतात. मी मंत्री म्हणतो. दिवसभर झोपायचं आणि कुठे चार माणसं जमली की पुढे जाऊन उभं राहायचं — दुसरं काय म्हणणार? झोपायला मात्र माझ्या दारात. माझ्याच. ओर्तेन्सियाबाई काहीही सांगू दे. तिची चूल धुरकट, कुत्र्याला कळतं.

तर एका सकाळी पावाची गाडी उतारावर मागे घसरली आणि मंत्री खाली सापडला. नगरपालिकेच्या लोकांनी उचलून इथे आणला. इथपर्यंत ठीक. मग भिंतीवर कागद — ‘तपकिरी नर, डावा कान फाटका, मालकानं पंधरा दिवसांत नोंदणी अर्ज घेऊन यावं’. आता आमच्याकडे मालक कुठून आणायचा? आख्खी गल्ली येऊन गेली हो! ओर्तेन्सियाबाई उकडलेली कोंबडी घेऊन आली. ओयार्सो मासा घेऊन आला, वासानं पेर्ला पिंजरा तोडायला निघाली. येसेनिया प्रत्येकाला विचारी, ‘तुमचा का?’ आणि प्रत्येक जण म्हणे, ‘माझा नाही, गल्लीचा.’ माझा म्हणायचं कुणी? माझा म्हटलं की उद्या बाकीची दहा घरं तोंड फिरवणार — स्वतःला समजतो कोण हा! तसं कुणी म्हणतच नाही आमच्यात. मूर्ख सगळे. एक फॉर्म, एक सही — तेवढं जमलं नाही एकालाही!

मी? मी पाचव्या दिवशी आलो होतो. बटाट्याचं मिल्काओ घेऊन, गरम. ही पेन उघडून तयारच होती. ‘काका, तुमचा का?’ …काय सांगणार? म्हटलं, छे, गल्लीचा.

म्हटलं. तसं म्हटलं.

आणि बाई, मला हे कळायला हवं होतं, जगात कुणाला नाही तरी मला! एकदा एक बाई तान्हं पोर घेऊन आली होती कचेरीत. बापाचं नाव विचारलं तर म्हणे, सगळ्या गावाला माहीत आहे. मी काय म्हणालो? ‘रकान्यात गाव लिहिता येत नाही.’ परत पाठवली. पावसात.

हा बघा माझा अर्ज. भरलेला, एक खाडाखोड नाही. मालक — एवारिस्तो बार्रिया. आज आणला, तर ही म्हणते मुदत काल संपली. काल रविवार होता! रविवार धरतात का मुदतीत? मी धरायचो, ती गोष्ट वेगळी. एक दिवस उशीर झालेली माणसं मी किती परत पाठवली असतील — मीच खिडकीत असतो तर मला दारातूनच हाकललं असतं. वर म्हणते, नवीन घर मिळालंय त्याला. एक पाय काढला त्याचा, मागचा. आणि आमची गल्ली म्हणजे ब्याण्णव पायऱ्या… मी उचलला असता. अठ्ठावीस किलोचा आहे, पण उचलला असता. थांबत थांबत.

तुम्ही कुठल्या? पुएर्तो मॉन्तच्या? खाडी ओलांडून जनावर दाखवायला इथे? तिकडे डॉक्टर मेले का सगळे? …तुमच्या हातातला हा पट्टा नवा दिसतो. दुकानाची चिठ्ठी अजून लटकतेय.

असं.

म्हणजे तुम्ही.

नाही, बोलू नका. ‘तुम्हीच न्या’ म्हणणार असाल तर मुळीच बोलू नका, मला चीड येते असल्या चांगुलपणाची! तुम्ही फोटो पाहिलात, तीन पायांचा, फाटक्या कानाचा — आणि नाव देऊन मोकळ्या झालात. एका दिवसात. मी आठ वर्षं… अंगण आहे? सपाट? हं.

मग ऐका. भिंतीवरचं नको, मी सांगतो ते. डाव्या कानाला हात लावायचा नाही. चुलीकडे पाठ करून झोपतो, तोंड करून नाही. अकराची बस गेली की भुंकतो, भुंकू द्या, त्याला वाटतं तोच तिला घालवतो. फटाके वाजले की पलंगाखाली जाईल, ओढायचा नाही, शेजारी बसायचं. कांदा द्या थोडा. हाक काय मारायची ती मारा, सगळ्याला ओ देतो.

पुकारताहेत तुम्हाला. मागच्या दारानं न्या. मला पाहिलं तर उगाच उभा राहील, आणि उभं राहायला त्याला आता त्रास होतो. पण आधी काउंटरवर तो फॉर्म भरा, माझ्यासमोर. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहा, पूर्ण, वाचता येईल असं. ‘कुटुंब’ नाही, ‘आम्ही सगळे’ नाही. पेन नाही? हे घ्या माझं. परत नको. मला आता काही लिहायचं नाही. उठा. उठा म्हणतोय ना!