न वाचता केलेली सही

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा थांबा. टाळ खाली ठेवा. आता गाणं नाही, आता एक प्रश्न आहे. आणि घरी जाऊन सोडवायचा नाही, इथंच सोडवायचा!

एखाद्या गोष्टीची ओढ माणसाला जन्मभर लागावी, तिच्यासाठी त्यानं हाडाची काडं करावीत — आणि ती अगदी हातातोंडाशी आली की त्यानंच स्वतःच्या हातानं ती मागं सारावी! का? अशी कोणती गोष्ट आहे जगात, जी त्या ओढीहून मोठी ठरते? मागच्या काकू, तुम्ही वाती वळता वळता विचार करा, चालेल. हात थांबवू नका.

पुढून कुणीतरी म्हणालं — मोक्ष! नाही हो अण्णा. मोक्ष उद्याच्या महाराजांकडं. आज आपल्याकडं आहे पीएचडी!

हसा, हसा. देवळात पीएचडी निघाली म्हणून हसताय. अहो, मी स्वतः दोन वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात काढलीत! इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेपरानं मला तीनदा बजावलं, "बाबा रे, तुझी रेघ सरळ येत नाही, तू कीर्तन कर." ऐकलं मी त्याचं. पण त्या दोन वर्षांत जी माणसं बघितली, त्यातल्या एकाची ही कथा. नाव — चिंतामणी ऐनापुरे. कॉलेजात सगळे म्हणायचे ऐनापुरे सर.

कृष्णाकाठचं गाव. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर. घरी आले की डोक्यात राख, भुवयांत राख! उसाचं चिपाड जळून उरलेली ती राख कारखान्यामागं ढिगानं पडायची. वाऱ्यानं उडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, बायका कारखान्याच्या नावानं बोटं मोडायच्या. आणि या पोराच्या डोक्यात एकच — एवढी राख, हिचं काहीतरी होत असणारच!

पोरगा हुशार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, विद्यापीठात दुसरा आला. पुढं एम.ई. केलं. तिथल्या त्याच्या सरांनी खांद्यावर हात ठेवला, "चिंतामणी, थांब इथंच. पीएचडी कर. ही राख सिमेंटात घालून काँक्रीट होतं का बघू." आनंद गगनात मावेना! आणि त्याच आठवड्यात घरून तार — वडिलांना अर्धांगवायू. निघाला. जाताना सरांच्या पाया पडून म्हणाला, "दोन वर्षांत परत येतो, सर."

मंडळी, ती दोन वर्षं चौतीस वर्षं चालली!

गावाजवळच्या कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून लागला आणि शिकवत राहिला. शिकवणं कसं? आम्हाला प्रयोगशाळेत न्यायचे. काँक्रीटचे ठोकळे असतात, वीतभर रुंद, वीतभर उंच. त्याला म्हणायचं क्यूब. यंत्रात घालून दाबायचा, फुटेपर्यंत. किती भार सोसला तो आकडा वहीत लिहायचा. क्यूब फुटला की सर म्हणायचे, "हात लावा. बघा आतून कसा दिसतो."

आणि क्यूब पाण्यात ठेवायचा बरं का! भिजलेला राहिला तरच काँक्रीट जोर धरतं. आता खरं सांगा — तुमच्यापैकी कितीजणांनी स्लॅबला सांगितले तेवढे दिवस पाणी मारलं? हात वर! हं... सरपंच, तुमचा हात अर्ध्यावरच थांबला की!

तर सर शिकवत होते. पण ओढ? ओढ आत तशीच. पहिली नोंदणी केली, चार वर्षांत मार्गदर्शक वारले. दुसरी केली, प्रबंध निम्मा झाला आणि दुसऱ्याच विद्यापीठातून तोच विषय पुस्तक होऊन बाहेर आला! तोवर हाताखालची पोरं डॉक्टर होऊ लागली. त्यांचे प्रबंध तपासून द्यायचे कोण? ऐनापुरे सर! कॉलेजातल्या दारांवरच्या पाट्या एकेक करून बदलल्या. शिपाई चहा घेऊन यायचा — "हा पाटील डॉक्टरांचा, हा शेख डॉक्टरांचा, आणि हा... सरांचा."

एकदा तास संपल्यावर रिकाम्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं — डॉ. चिंतामणी ऐनापुरे. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. कसं दिसतं? छान दिसतं! मग दारात पाऊल वाजलं आणि त्यांनी हातानंच पुसून टाकलं. लाज वाटली हो त्यांना. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटली, पहिलं पत्र लिहिताना पोराला वाटते तशी.

आता कथेत येते उज्ज्वला. उज्ज्वला धोत्रे. बाप खडी फोडणारा. सरांची विद्यार्थिनी. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं काय केलं — प्रयोग न करताच मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवून काढले. सगळेच करतात! मी तर तारखासुद्धा उतरवल्या होत्या! सरांनी तिच्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बाळ, तुझा बाप न फोडलेल्या खडीचा ढीग दाखवतो का?" बस. एवढंच. त्या पोरीनं पुन्हा कधी आकडा उतरवला नाही. शिकली, डॉक्टर झाली, त्याच कॉलेजात शिकवायला आली, आणि विद्यापीठानं तिला मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली.

आणि पन्नाशी उलटलेले ऐनापुरे सर तिसऱ्या नोंदणीचा अर्ज घेऊन तिच्या दारात उभे राहिले! "मॅडम, आत येऊ का?"

ती ताडकन उठली. "सर! काय हे?"

"उठायचं नाही. गाईड उठत नसतो. इथं सही कर."

"सर, मी तुमची गाईड? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील पोरगी मोठी झाली. कर सही."

बघा मंडळी! गुरू शिष्याचा शिष्य झाला! पोथीत असं सापडलं असतं तर आपण फुलं वाहिली असती. इथं घडलं तर स्टाफरूममध्ये लोक खाकरले.

विषय तोच. राख! पण या खेपेला प्रश्न नवा — उसाच्या राखेचं काँक्रीट वर्षभर पाण्यात ठेवलं तर किती भार सोसतं? वर्षभर! नाव प्रबंधाचं तेच, जीव प्रबंधाचा तोच. बरीच वर्षं मिश्रणं ठरवण्यात गेली. विद्यापीठानं मुदत दोनदा वाढवून दिली. आता शेवटची तारीख एकतीस जुलै, आणि सरांची निवृत्तीही त्याच दिवशी. त्याला दोन वर्षं बाकी असताना, ऑगस्टात, शेवटचे क्यूब टाकीत ठेवले.

मे महिना आला. कॉलेजला सुट्टी. सरांच्या पत्नीचं, मालतीबाईंचं, डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला. सर अकरा दिवस तिकडंच. बारा तारखेला परत आले ते घरी न जाता थेट प्रयोगशाळेत. कुलूप उघडलं — आणि बघतात तर काय!

टाकीचा नळ गळत होता. पाणी निम्म्यावर. वरचे क्यूब कोरडे ठक्क! अंगावर आडवी पांढरी रेघ, पाणी उतरताना ठेवून गेलेली.

सांगा, तुम्ही काय केलं असतं? गप्प का?

सरांनीही तेच केलं! नळ बांधला. बादलीबादलीनं टाकी भरली. ओल्या हातानं पांढऱ्या रेघा घासल्या, निघाल्या त्या निघाल्या. कुणी बघितलं नाही. ऑगस्टात क्यूब फोडले, आकडा आला शेहेचाळीस. उत्तम आकडा! प्रबंधात लिहिलं — वर्षभर अखंड पाण्यात ठेवले. आणि तो "अखंड" लिहिताना, मंडळी, सरांचं पेन एकदा थांबलं. थांबलं आणि पुढं गेलं.

हो, सांगतो मी. लपवत नाही. माझे सर आहेत म्हणून झाकणार नाही. ओढ अशीच असते, माणूस सज्जन असला तरी ती त्याचा हात धरून लिहिते.

पुढच्या मे महिन्यात तीनशे पानांचा प्रबंध घेऊन सर उज्ज्वलाच्या खोलीत आले. दुपारची वेळ, पंखा खडखडत होता. पहिल्या पानांत मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं — हे संशोधन माझ्या देखरेखीखाली झालं, मी ते तपासलं आहे. सर घाबरले होते. ती पोरगी आकड्यांची पक्की! विचारणार. वरच्या आणि खालच्या क्यूबमध्ये फरक का, म्हणून विचारणारच. सर रात्रभर उत्तरं पाठ करून आले होते.

उज्ज्वलानं प्रबंध घेतला. कपाळाला लावला. पेन काढलं आणि सही केली.

पान उलटलं नाही! एकसुद्धा!

"अगं, वाच तरी."

"सर, तुमचं काम तपासणारी मी कोण?"

मंडळी, इथं थांबा जरा. तिनं विचारलं असतं तर सरांनी उत्तर दिलं असतं आणि निभावून नेलं असतं. तिनं विचारलंच नाही! बाहेर पडून सर जिन्यापर्यंत गेले. तीन पायऱ्या उतरले. आता फक्त विद्यापीठाच्या खिडकीत प्रबंध द्यायचा. मग तोंडी परीक्षा, मग पाटी! चौतीस वर्षांची पाटी! चौथी पायरी काही उतरवेना.

परत आले. दार ढकललं. उभ्यानंच म्हणाले, "उज्ज्वला, मला विचार."

"काय विचारू सर?"

"मार्गदर्शक आहेस ना माझी? मग विचार! वर्षभर टाकीत पाणी होतं का, विचार."

तिचा चेहरा उतरला. फार हळू आवाजात तिनं विचारलं, "होतं का, सर?"

"नव्हतं. अकरा दिवसांत कधीतरी निम्मं गेलं. किती दिवस कोरडे राहिले, मला माहीत नाही."

पंखा खडखडतोय. मग ती डोळे पुसत म्हणाली, "सर, एक ओळ घालू या. मध्ये खंड पडला, असं लिहू. चालतं तेवढं."

"मग वर्षाचा आकडा कशाचा सांगू? माझ्या प्रबंधात त्याच्याशिवाय आहे काय?"

"पण पुन्हा करायचं तर वर्ष लागेल! तुमच्याकडं अडीच महिने आहेत. नोंदणी जाईल!"

"जाईल," सर म्हणाले, आणि तिच्याच टेबलावरचं पेन घेऊन त्या प्रमाणपत्रावर त्यांनी आडवी रेघ मारली. रेघ माझ्या रेघेहून वाकडी आली!

सोपं होतं का? छे! घरी जाऊन मालतीबाईंच्या समोर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मला व्हायचं होतं गं डॉक्टर," म्हणाले. मालतीबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

जून उजाडला. सरांनी पुन्हा राख चाळली, पुन्हा क्यूब घातले, टाकीत ठेवले. कशासाठी? कुणी विचारलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. एकतीस जुलैला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात त्यांची खुर्ची नाही. तरी दर आठवड्याला यायचे! फाटकावर पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहायचे — ऐनापुरे, अभ्यागत. चौतीस वर्षं जिथं शिकवलं तिथं अभ्यागत! टाकीतलं पाणी बघायचे आणि परत जायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीतही एक आठवडा चुकला नाही.

वर्ष झालं. उज्ज्वला आणि सर, दोघंच यंत्रापाशी. क्यूब ठेवला. काटा चढू लागला — तीस, चाळीस, पंचेचाळीस! कड्... फुटला.

काय आला असेल आकडा? सांगा! पन्नास? चाळीस?

सगळ्या क्यूबांची सरासरी निघाली सत्तेचाळीस. पहिला होता शेहेचाळीस. फरक एकाचा! ज्याच्यासाठी पदवी गेली, ओढ उपाशी राहिली, तो फरक निव्वळ एकाचा!

उज्ज्वला मटकन खाली बसली. "सर, एवढ्यासाठी? जवळजवळ बरोबरच होता हो तुमचा आकडा!"

सरांनी फुटलेल्या क्यूबवरून तळवा फिरवला. आणि म्हणाले, "होता. पण ते आज कळलं, बाळ. त्या दिवशी मला माहीत नव्हतं."

मंडळी! "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणायला माणसानं जन्माची ओढ सोडली. आणि ओढ गेली असं समजू नका बरं! गेल्या महिन्यात भेटून आलो. म्हटलं, "सर, अजून वाटतं का?" तर म्हणाले, "रोज वाटतं रे. सकाळी उठल्यावर पहिलं तेच वाटतं." खोटं बोलले नाहीत. मला उपदेश केला नाही. चहा पाजला.

आता तुमच्याकडं वळतो, चुळबुळ करू नका! तुमची बायको डोळे मिटून तुमच्या मागं आली. तुमची लेकरं, "बाबा म्हणाले ना" म्हणून तुमचा शब्द मानतात. तुमची आई शेजाऱ्याला सांगते, माझा मुलगा तसा नाही. ही सगळी माणसं रोज तुमच्या नावाखाली सही करतात, एकही पान न उलटता! त्यांना तुम्ही कधी म्हणालात का — थांब, मला विचार? देव तरी दुसरं काय करतो? तुमचा माथा पायाशी टेकला की तो आशीर्वाद देतो. प्रबंध काही वाचत नाही!

आज घरी जाल. दार कुणीतरी उघडेल, हसून आत घेईल. त्या माणसाच्या तोंडाकडं एकदा नीट बघा, आणि जिन्यावरून परत फिरायचं असेल तर आजच फिरा.

घ्या टाळ हातात. पेटीवाले, द्या सूर. विठ्ठल विठ्ठल म्हणा, आणि म्हणताना कुणीही मान खाली घालू नका.