एल्व्हियोची कवींची फेरी

व्हेनिसमध्ये बोटीच्या थांब्यावर माझ्यामागे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बोलत होत्या.

"अगं ऑर्तेन्सिया, सकाळी कुठे होतीस?"

"एल्व्हियोच्या फेरीला. लोकांना कवींची घरं दाखवायचा ना, ती फेरी आता त्याची शिष्या नेते."

"नवरा जिवंत होता तेव्हा एकदाही गेली नाहीस!"

"वाटायचं, घरात दिवसभर तेच तर ऐकते. वेगळं काय सांगणार?"

"मग, होतं का वेगळं?"

"आमच्या हातमोज्यांच्या दुकानासमोरच्या पुलावर सगळ्यांना थांबवलं तिने. म्हणाली, 'इथे ते नेहमी एक प्रेमकविता म्हणायचे. कुणाची, ते कधीच सांगितलं नाही.' मग तिने ती म्हणून दाखवली."

"कुणाची होती गं?"

"त्याचीच. लग्नाआधी मला लिहिलेली. आणि मी दुकानातून ओरडायचे, 'गर्दी हटव रे, गिऱ्हाईक अडतंय!'"