'पूर्ण' हा शेरा माझ्या अक्षरातला

मी, कचेरीत ज्याला शास्त्रीबुवा म्हणतात तो, वय ५४ वर्षे, व्यवसाय नोकरी, रुग्णालयाच्या तपासणी अहवाल विभागात पत्रव्यवहार लिपिक, शिक्षण संस्कृत घेऊन एम.ए., अविवाहित, राहणार मोठ्या बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर, आज दुपारी तीन वाजता बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील विभागात मी एकोणीस वर्षे काम करतो. विभागाचे प्रमुख हे माझे भावोजी, म्हणजे वर सांगितलेल्या बहिणीचे यजमान. नोकरी त्यांच्या शब्दावर लागली. घर त्यांचेच आहे. माझ्या खोलीकडे जाणारा जिना त्यांच्या बैठकीच्या खोलीतून चढतो. हा तपशील मला विचारलेला नव्हता. अंमलदारांनी 'हे लिहायचं का?' असे विचारले, तेव्हा मी 'लिहा' म्हणालो.

विभागात चौदा संगणक आहेत. प्रयोगशाळेतून तपासण्यांचे आकडे येतात, ते ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका जुन्या प्रणालीत भरायचे आणि अहवाल छापून द्यायचा, असे काम चालते. ब्राउझर म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असे अंमलदारांनी सांगितल्यामुळे मी त्याचा अधिक खुलासा केला नाही, जरी माझ्याजवळ तो तयार होता.

ही प्रणाली ज्या कंपनीने करून दिली ती बंद पडून सात वर्षे झाली. ब्राउझर मात्र दर थोड्या दिवसांनी नवा होतो. त्यातल्या चुका दुरुस्त होतात, आणि बाहेरचा माणूस आत शिरू शकेल अशा फटी बुजवल्या जातात. पाच वर्षांपूर्वी एका यंत्रावर आम्ही अशी नवी आवृत्ती चढवली. दुसऱ्या दिवशी त्या यंत्रावरून छापलेल्या अहवालांतले दशांश चिन्ह गळाले. एका बाईंचा १.४ हा आकडा १४ असा गेला. डॉक्टरांनी घरच्यांना ताबडतोब बोलावून घेतले. खरा आकडा सापडायला अडीच तास लागले. तेवढा वेळ त्या बाईंचे यजमान आमच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसले होते आणि भावोजी त्यांच्यासमोर उभे होते. त्यांनी खुर्ची मागवली, पण ते गृहस्थ उठले नाहीत, आणि भावोजीही बसले नाहीत.

त्याच दिवशी काम सुटताना भावोजींनी सर्वांना तोंडी सांगितले की, यापुढे या यंत्रांवर नवे काही चढवायचे नाही. मी लेखी आदेशाचा मसुदा करू का असे विचारले. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, कागदावर आलं की अंगावर येतं." कचेरीत ते मला याच नावाने हाक मारतात. घरी हाक मारण्याची वेळ सहसा येत नाही.

नवी आवृत्ती आली की यंत्र रोज सकाळी विचारते, आता की नंतर. कोणी घाईत 'आता' दाबू नये म्हणून सकाळी दहाच्या आत चौदाही यंत्रांसमोर जाऊन 'नंतर' दाबण्याचे काम माझ्याकडे आले. पाच वर्षांत ते एकदाही चुकले नाही. दोनदा रजेवर गेलो, तेव्हा टंकलेखक बाईंना नेमून गेलो. त्या रोज म्हणायच्या, "चौदा विद्या झाल्या शास्त्रीबुवा, चौसष्ट कला राहिल्या." मी उत्तर देई, "अशुभस्य कालहरणम्." अंमलदारांनी याचा अर्थ विचारला. वाईट गोष्ट जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलावी, असे मी सांगितले. ते म्हणाले, इथे येणारे सगळे तेच करतात.

यंत्रांच्या देखभालीसाठी एका बाहेरच्या संस्थेच्या तंत्रज्ञ बाई दर बुधवारी येतात. वय सुमारे पंचेचाळीस. अहवाल चोरीस गेल्याबद्दलची तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे. संस्थेने त्यांना कामावरून थांबवले आहे. या क्षणी त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. मी आत आलो तो त्यांच्यासमोरून. बोलणे झाले नाही. त्यांना आज घरी जाऊ द्यायचे की अटक करायची हे देखभाल वहीवरून ठरणार आहे, असे मला आत आल्यावर समजले.

या बाईंनी सदर वहीत तीन वेळा नोंद केली. गेल्या वर्षी जुलैत, नंतर नोव्हेंबरमध्ये, आणि या वर्षी मार्चच्या पहिल्या बुधवारी. तिसरी नोंद अशी: "ब्राउझरच्या सुरक्षेची तातडीची दुरुस्ती आली आहे. ही फट आता जगजाहीर आहे. नुसते एखादे पान उघडले तरी कोणी आत येऊ शकतो. चौदाही यंत्रे अद्ययावत करण्याची परवानगी द्यावी." जुन्या प्रणालीसाठी एकच यंत्र इंटरनेटपासून तोडून वेगळे ठेवावे, बाकीची नवी करून घ्यावीत, असा मार्गही त्यांनी सुचवला होता. भावोजी म्हणाले, चौदा जणांचे काम एका यंत्रावर आले तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. ते खोटे नव्हते.

तिन्ही नोंदींना विभागाने पत्राने उत्तर दिले. मसुदे माझे, सही प्रमुखांची. पहिल्या दोन पत्रांत 'विषय विचाराधीन आहे' असे होते. तिसऱ्यात मी 'सक्रिय' हा शब्द वाढवला.

वहीबद्दल सांगणे आवश्यक आहे. डावीकडे काम लिहितात, उजवीकडे शेरा. महिनाअखेर एकही ओळ शेऱ्याविना राहू नये असा दंडक आहे, कारण राहिली तर वरिष्ठ कार्यालयाचे तपासणी पथक खुलासा मागते, आणि खुलासा मला लिहावा लागतो. त्यामुळे दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मी बसून उरलेल्या सर्व ओळींसमोर 'पूर्ण' असे लिहितो, काम झालेले असो वा नसो. आमच्या खोलीतला पंखा दोन वर्षे बंद आहे. तो वहीत अकरा वेळा पूर्ण दुरुस्त झाला आहे. शेऱ्याखाली तंत्रज्ञ बाई सही करतात. ही रीत मी येण्यापूर्वीची आहे. ती सुवाच्य अक्षरात पाळण्याचे श्रेय तेवढे माझे.

मार्चच्या शेवटच्या बुधवारी त्या ओळीपाशी आल्यावर बाई पेन धरून थांबल्या. म्हणाल्या, "हे झालेलं नाही, शास्त्रीबुवा."

मी म्हणालो, "बाई, ही वहीची रीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"माझं नाव येतंय त्याच्याखाली."

मी म्हणालो, "त्याच्या वर माझं अक्षर आहे. उद्या कोणी विचारलंच, तर मी आहे ना सांगायला."

त्यांनी सही केली. पेन माझेच होते, ते परत दिले.

दि. ९ एप्रिल, गुरुवार रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास सात नंबरच्या यंत्रावर टंकलेखक बाईंनी कुरिअरची चौकशी म्हणून आलेले एक पान उघडले. पान कोरे होते, म्हणून त्यांनी मिटवले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून रुग्णांना अनोळखी फोन येऊ लागले. पलीकडचा आवाज त्यांना त्यांचाच अहवाल वाचून दाखवत होता. सुमारे एकोणीसशे अहवाल बाहेर गेल्याचे नंतर निष्पन्न झाले. एका गृहस्थाने विभागात येऊन आपला अहवाल टेबलावर ठेवला आणि सांगितले, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी त्या कागदाची पोच लिहून दिली.

शनिवारी भावोजींनी मला खोलीत बोलावून दार लावले. ते म्हणाले, "वहीत काम पूर्ण झाल्याची तिची सही आहे. मग आपण काय करणार?" मग पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा करण्यास सांगितले. मसुदा मी केला. दोन पाने झाली. 'सदर तंत्रज्ञाने दुरुस्ती पूर्ण झाल्याचे खोटे प्रमाणित करून बाहेरील इसमांस जाणूनबुजून वाट मोकळी ठेवली' हे त्यातले वाक्य माझे आहे. भावोजी माझ्या प्रत्येक मसुद्यात निदान एक तरी शब्द बदलतात. या मसुद्यात त्यांनी काही बदलले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

आज मला वही ओळखण्यापुरते बोलावले होते. सकाळी घरून निघताना ताई जिन्याखाली उभी होती. तिने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "बाबू, दोनच वर्षं राहिलीत रे यांच्या निवृत्तीला." मी हो म्हणालो. भावोजींनी मला कचेरीतून गाडीने आणून सोडले. वाटेत ते म्हणाले, "सही तिची आहे का विचारतील. आहे म्हणायचं. बाकी आठवत नाही. जड नाही काही." ते फाटकाबाहेर गाडीत थांबले आहेत. परतही त्यांच्याच गाडीने जायचे आहे.

मला वही दाखवण्यात आली. ती विभागाचीच आहे. मार्चच्या त्या ओळीतली सही तंत्रज्ञ बाईंची आहे काय, असे विचारले. आहे, असे मी सांगितले. शेरा कोणाच्या अक्षरातला, असे विचारले. मी पाणी मागितले. ते दिले. ग्लास रिकामा करून मी वहीपासून दूर ठेवला.

शेरा माझ्या अक्षरातला आहे. काम झालेले नव्हते. ते मला माहीत होते, कारण ते होऊ नये म्हणून रोज सकाळी मीच फिरत होतो. विभागप्रमुखांना माहीत होते, कारण त्यांनीच तसे सांगितले होते. त्या सूचनेचा कागद नाही. बाईंनी सही करायला नको म्हटले होते, ती मी करवून घेतली. तक्रारीतले वर दिलेले वाक्य लिहिताना ते खरे नाही हे मला ठाऊक होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे.

यावर अंमलदारांनी लिहिणे थांबवले. ते म्हणाले, "हे उतरलं की तुम्ही नुसते साक्षीदार राहत नाही, बुवा. बाहेर तुमचे पाहुणे थांबलेत. आज राहू द्या, घरी जा, उद्या विचार करून या."

मी म्हणालो, "उद्या मी येणार नाही. आज लिहा."

जबाब वाचून दाखवताना तंत्रज्ञ बाईंना आत बोलवावे अशी विनंती मी केली. ती मान्य झाली. त्या दाराशी उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त विचारले, "बाकीची तेरा यंत्रं?"

चालू आहेत, असे मी सांगितले. सात नंबरचे तेवढे पोलिसांनी जप्त केले आहे.

"दुरुस्ती चढवली त्यांच्यावर?"

या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून झालेल्या जबाबात नव्हते. ते माझ्या सांगण्यावरून येथे वाढवले आहे. दुरुस्ती चढवलेली नाही. आज सकाळी पावणेदहा वाजता मी तेराही यंत्रांसमोर गेलो आणि प्रत्येकावर 'नंतर' दाबले. आज मला तसे कोणी सांगितलेले नव्हते.

येणेप्रमाणे जबाब मी सांगितला तसा उतरवला असून तो मला व सदर बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा मजकूर माझ्या विनंतीवरून दोनदा वाचला. त्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.