चौथी चेरी

अस्तानातल्या रोपवाटिकेत माझ्यापुढे सात गिऱ्हाइकं होती. सहा जणांकडे बर्चची रोपं होती. सातव्या आजोबांकडे जपानी चेरी होती आणि शेजारी त्यांची बायको.

“अहो, ठेवा ती. ही चौथी.”

“अल्माटीत आपल्या दारात होती, रौशन.”

“अल्माटीत थंडी पाहुणी असते. इथे ती घर करून बसते.”

“गेल्या वेळी गुंडाळली होती की.”

“माझ्या माहेरच्या लोकरी नमद्यात! नमदा तेवढा जगला. बर्च घ्या मुकाट्याने.”

“बर्चला अशी फुलं येत नाहीत.”

“आपल्याला तरी कुठे येतात आता?”

आजोबा रोप परत ठेवायला वळले.

“आणा इकडे. काय हो, ही किती थंडी सोसते?”

“उणे वीस, आपा,” दुकानदार म्हणाला.

“आणि आपल्याकडे पडते उणे पस्तीस. गोणपाट द्या. गेल्या वेळी शेंडा उघडा राहिला होता.”

दुकानदाराने सहा मीटर मोजून कापलं.