झोक्याचा दोर

मंडळी, या शोकसभेला आपण आलात. मला बोलणे कठीण आहे. म्हणून काय सिद्ध करायचे ते आधीच मांडतो. माझी प्रतिज्ञा अशी: माझी धाकटी भावजय कमल झोक्यामुळे गेली नाही.

दर रविवारी ती प्रताप नगरातल्या बायकांना घेऊन शहरातली एखादी बाग धुंडाळायला निघे. कधी महाराजबाग, कधी अंबाझरी, कधी तेलंगखेडी. बागेतले झोके मुलांचे. म्हणून पिशवीत स्वतःचा दोर. भक्कम फांदी दिसली की दोर वर. मी सोबत असे. फांदी मोडेल, गाठ सुटेल, कोणी हसेल. प्रत्येक गाठ मी ओढून पाही. प्रौढ स्त्रीने झोका घेऊ नये, हे मी तिला हेतू-दृष्टांतांसह, म्हणजे कारणे-उदाहरणे देऊन, पटवू लागलो. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचा मुद्दा त्या फांदीले टांगा, अन् सरका जरासे. यमुना कवाची वाट पाहून राह्यली." आणि बिचकणाऱ्या शेजारीण यमुनाबाईंना, "बस वं! झाड का तुले खाऊन राह्यलं?"

गेल्या रविवारी ती सर्वांत उंच गेली. सोमवारी सकाळी चहा ठेवताना कोसळली.

तेव्हापासून घराघरांत एकच वाक्य: झोक्यानेच नेले. यमुनाबाईंना घरून मनाई झाली. माझ्या भावाने दोर पिशवीसकट माळ्यावर टाकला. आणि उद्या रविवार आहे.

आता हेतू. तिचे हृदय आधीपासून अधू होते, डॉक्टरांनीच सांगितले. मग झोका निर्दोष ना? मी त्यांना विचारले. परवा पुन्हा विचारले. आज इथे येतानाही विचारले. ते म्हणाले, "काका, सांगता येत नाही."

मंडळी, सांगता येत नाही. माझी प्रतिज्ञा सिद्ध होत नाही.

पण तिची पिशवी मी उघडली. दोराखाली हृदयाच्या गोळ्या होत्या. तिला ठाऊक होते. दर रविवारी ठाऊक होते. तरी ती बसली.

यमुनाबाई, आपण मागे बसला आहात. भावाला विचारून मी दोर खाली काढला आहे. तो या खुर्चीवर आहे. उद्या तेलंगखेडीला गाठ मीच ओढून पाहीन. भीती वाटेल. तरी पाहीन. यायचे की नाही, हे आपण ठरवावे.

आता आपण सर्व क्षणभर स्तब्ध उभे राहू. कमल, तुला नमस्कार.

हे मनोगत सभेत बोललो तसेच घरी येऊन उतरवले आहे. त्याखाली आता एक ओळ जोडतो: आधी धोका नाही हे सिद्ध व्हावे, मगच दोर बांधावा, असे मी धरून चाललो, ती माझी चूक.

— विश्वनाथ